आठ वाजून दहा मिनिटांची नोंद

१

शब्दकाका जाऊन एकोणीस दिवस झाले होते. त्यांची मुलगी कॉम्प्युटरचा खोका दोन्ही हातांनी छातीशी धरून माझ्या दुकानाची पायरी चढली, खोका टेबलावर ठेवला आणि नुसतीच उभी राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाबांचा कोश गेला, ताई. सगळाच्या सगळा. कुणीतरी पुसला."

मी हातातला पेचकस खाली ठेवला.

शब्दकाका हे नाव त्यांना आमच्या बाजारानंच दिलं होतं. पंचेचाळीस वर्षं हा माणूस कारागिरांचे शब्द गोळा करत फिरला. सुतार, लोहार, विणकर, गवंडी, शिंपी, कुणालाच सोडलं नाही. माझ्याकडे यायचे तेव्हा स्टुलावर बसून एखादा भाग उचलायचे आणि विचारायचे, "याला तुम्ही आपापसात काय म्हणता? कंपनीनं दिलेलं नाव नको, तुमचं सांगा." मी काहीतरी सांगितलं की खिशातून कोरं कार्ड काढून पेन्सिलीनं लिहून घ्यायचे. बाईमाणूस कॉम्प्युटर दुरुस्त करते याचं बाजाराला नवल वाटायचं, त्यांना कधी वाटलं नाही.

असे तेवीस हजार शब्द झाले होते. कार्डांना वाळवी लागली म्हणून दहा वर्षं बसून त्यांनी ती सगळी स्वतः टाइप केली आणि मग कार्डं जाळून टाकली. एक प्रत मशीनमध्ये होती, दुसरी एका लाल पेन ड्राइव्हवर. तो पेन ड्राइव्ह माझ्याकडूनच नेला होता.

"तो कुठाय?" मी विचारलं.

"सापडत नाही."

मुलगी हॉस्पिटलात नर्स आहे. चार दिवसांपूर्वी बाबांचा एक फोटो हवा म्हणून तिनं मशीन सुरू केलं, तर जुनं काहीच नाही. हिरवट रंगाचा वेगळाच पडदा, त्यावर 'टाचणी' असं एक नाव आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट.

"ते नाव मी कुणालाच सांगितलं नाहीये. आईला एवढंच म्हटलं की सगळं पुसलंय. तिला आता धड दिसत नाही, ती थोडीच येऊन बघणार? पण ऐकल्या ऐकल्या म्हणाली, हे तुझ्या दादाचं काम. त्या क्षणापासून ती दादाशी बोलत नाही. तो समोर आला की भिंतीकडे तोंड करते."

"दादावरच का?"

"दोन महिन्यांपूर्वी भांडण झालं होतं. दादा म्हणाला होता, तुमचं हे मशीन एक दिवस उचलून विहिरीत टाकतो."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

तिनं माझ्या टेबलावरचा स्क्रूंचा एक डबा सरळ केला. "घरात एक माणूस गेलंय, ताई. दुसरं जायला नको. खरं काय ते शोधा."

२

मी मशीन सुरू केलं नाही. अशा वेळी ते सुरू करायचं नसतं, आत काय उरलंय त्याच्यावर आणखी काहीतरी लिहिलं जातं. डिस्क सोडवून घेतली आणि माझ्या मशीनला जोडली.

पहिली गोष्ट लक्षात आली ती माझ्याच हातची होती. दोन वर्षांपूर्वी काकांची जुनी, फिरणाऱ्या तबकडीची डिस्क खरखरायला लागली म्हणून मीच ही नव्या जातीची डिस्क बसवली होती. काका खूश झाले होते, मशीन पळायला लागलं म्हणून. जुन्या डिस्कवरून पुसलेलं खरवडून थोडंफार तरी काढता येतं. ही नवी जात पुसायला सांगितलं की खरोखरच पुसून टाकते. मी दोन दिवस प्रयत्न केले. एक अक्षर हाती लागलं नाही.

पण दुसरं काहीतरी लागलं.

डिस्कवर एक नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसवलेली होती. कुणीही घ्यावी, उघडून पाहावी, हवी तशी बदलावी अशी ती मोकळी सिस्टिम. ती पेन ड्राइव्हवरून बसवतात: पेन ड्राइव्ह खोचायचा, मशीन त्यावरून सुरू करायचं, मग ती एकेक प्रश्न विचारत जाते. आणि बसवताना काय काय झालं याची एक वही ती मागे ठेवते, वेळेसकट.

ती वही मी वाचत गेले. भाषा निवडली मराठी. पेन ड्राइव्हचा कारखान्यातला नंबर माझ्या बिलबुकातल्या नंबराशी जुळला, म्हणजे तो काकांचाच लाल पेन ड्राइव्ह. इंटरनेट नाही, काकांनी घरात ते कधी घेतलंच नव्हतं. मग प्रश्न आला होता की आधीच्या सिस्टिमशेजारी बसवायची की डिस्क पुसून बसवायची. निवडणाऱ्यानं 'पुसून' निवडलं होतं. नाव विचारल्यावर 'टाचणी' लिहिलं होतं.

सुरुवात, आठ वाजून दहा मिनिटं, संध्याकाळी. शेवट, आठ बत्तीस. तारीख काका गेले तीच.

मी मुलीला फोन लावला. "काका किती वाजता गेले?"

"सहा चाळीसला. हॉस्पिटलच्या कागदावर आहे. का?"

"आठ वाजता घरात कोण होतं?"

"मी आणि आई हॉस्पिटलातच होतो. बाबांना घेऊन नऊला घरी आलो. साडेसातला दादाला पुढे पाठवलं होतं, लोक येतील म्हणून घर उघडायला. त्याच्याबरोबर सर होते."

बाप जाऊन दीड तास झालेला, प्रेत अजून हॉस्पिटलात. आणि घरात दोनच माणसं.

३

सर म्हणजे काकांचे मित्र, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. कोशाची प्रस्तावना तेच लिहिणार होते. मी गेले तेव्हा ते व्हरांड्यात एका उघड्या लॅपटॉपसमोर बसले होते. भोवती अजून चार जुनी मशीनं होती. लोकांनी टाकून दिलेली मशीनं आणायची, त्यांच्यावर ती मोकळी सिस्टिम टाकायची आणि गरजू मुलांना द्यायची, हा त्यांचा उद्योग मला माहीत होता. पूर्ण गावात पेन ड्राइव्हवरून ही सिस्टिम बसवता येणारी माणसं दोन, मी आणि ते.

"काकांच्या मशीनवर तुम्ही काही केलंत का?" मी सरळच विचारलं.

"मी?" सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नाही बुवा."

"पेन ड्राइव्ह?"

"कसला पेन ड्राइव्ह?"

"सर, तुम्ही पस्तीस वर्षं मुलांचं खोटं पकडलंत. तुम्हाला स्वतःला बोलता येत नाही."

त्यांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"दिला होता," ते म्हणाले. "बुधवारी. वहिनींना दिसत नाही म्हणून त्याला पडदा वाचून दाखवणारी सोय हवी होती, मराठीत. त्याच्या जुन्या सिस्टिमला ते जमेना. म्हटलं, ही बोलते मराठी. तर लगेच खिशातून लाल पेन ड्राइव्ह काढला, यावर घाल म्हणाला."

"त्यावर कोशाची प्रत होती, सर."

"मी विचारलं ना! म्हटलं, यात आहे ते सगळं जाईल, चालेल का? म्हणाला, जाऊ दे, घरच्या मशीनवर आहेच." सर उठून उभे राहिले. "मी त्याला बजावून सांगितलं होतं. रविवारी मी येतो, आधी कोश दुसरीकडे उतरवून घेऊ, तोवर हात लावू नकोस. शुक्रवारी तो गेला."

"त्या संध्याकाळी तुम्ही घरी होतात."

"अंगणात होतो. लोक यायला लागले होते. आत गेलोच नाही मी. मला जाववेना."

"मग मला खोटं का सांगितलंत?"

"पेन ड्राइव्ह मी बनवला हे कळलं की पुढचं कोण ऐकतंय?" ते म्हणाले. मग खाली पाहत, अगदी हळू, "त्याचा मुलगा मात्र आत होता. बराच वेळ."

४

मुलगा बस चालवतो. डेपोत त्याची गाडी धुवायला लागली होती. आम्ही दुसऱ्या एका रिकाम्या बसमध्ये मागच्या सीटवर बसलो. चाळिशी उलटलेला, रुंद खांद्यांचा माणूस, गणवेशाच्या बाह्या दुमडलेल्या.

"आईनं पाठवलं का?" त्यानं विचारलं.

"बहिणीनं."

"हं. आई कशाला पाठवेल."

मी त्याला वहीतल्या नोंदीचं सांगितलं. आठ वाजून दहा. त्यानं ऐकून घेतलं.

"मला ते कॉम्प्युटरचं काही येत नाही," तो म्हणाला.

"ती सिस्टिम मराठीतच विचारते. वाचता येतं त्याला बसवता येते."

"म्हणजे ठरलंच तुमचं. आठ वाजता मी खुर्च्या मांडत होतो. बापाला टेकवायला जागा करत होतो." त्यानं पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली. "राग होता माझा त्या मशीनवर, नाही कशाला म्हणू? आमच्या लहानपणी एकही रविवार हा माणूस घरी नसायचा. कुठल्या तरी लोहाराकडे बसलेला असायचा. पण म्हणून तो गेल्यावर मी असं करीन? आणि केलंच असतं, तर वर ते टाचणी का काय, असलं नाव घालून ठेवीन?"

बाहेर पाण्याचा पाइप कुणीतरी बंद केला.

"ते नाव तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

त्यानं दांडीवरचा हात काढून घेतला.

"तुमच्या बहिणीनं सोडून तो पडदा कुणी पाहिलेला नाही. आणि तिनं ते नाव माझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही."

त्याचा चेहरा पडला. पकडल्या गेलेल्या माणसाचा पडतो तसा नाही. खूप दिवस उचलून धरलेलं ओझं एकदाचं सुटल्यावर पडतो तसा.

"त्याच रात्री पाहिलं मी," तो म्हणाला. "बाबांना बाहेरच्या खोलीत ठेवलं, साडेनऊ झाले होते. मी त्यांच्या खोलीत गेलो, दार लावलं, खुर्चीत बसलो. एकवीस वर्षं बस चालवतोय मी. सगळ्या गावाला शब्द विचारले त्यांनी, मला कधी विचारलं नाही. की मी नसताना दुसऱ्या कुणा ड्रायव्हरला विचारून घातले असतील? ते बघायचं होतं. एवढंच. मशीन सुरू केलं तर हे. बंद करून बाहेर आलो. त्या वेळी कुणाला सांगणार? आणि नंतर तर आईनं न विचारताच निकाल देऊन टाकला."

मला त्याचं खरं वाटलं. पण दुकानात येऊन वही पुन्हा काढली, तर त्या रात्री साडेनऊला मशीन सुरू झाल्याची नोंदच नव्हती.

एक नोंद होती. रात्री तीन वाजताची.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोका घेऊन त्यांच्या घरी गेले. काकांची खोली होती तशीच होती. एका भिंतीला टेबल, दुसरीला एक अरुंद कॉट, मध्ये जेमतेम चालायला जागा. कॉटवर काकू बसल्या होत्या. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई. बोलताना हात अजूनही मांडीवरच्या पदराची घडी चाचपत होता.

"काकू, त्या रात्री तीन वाजता या खोलीत कोण होतं?"

"मी आणि ही." त्यांनी मुलीच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "बाहेर माणसं होती म्हणून आम्हाला इथं आडवं केलं. बारापासून उजाडेपर्यंत इथंच होतो."

"झोप लागली होती?"

"कुठली झोप, बाई."

"मग कुणी हे मशीन सुरू केलेलं कळलं असतं तुम्हाला?"

मुलगी म्हणाली, "ताई, हे सुरू झालं की घरघरतं. स्वयंपाकघरात कळतं. इथं दोन हातांवर आम्ही जाग्या होतो. कुणी आलंच नाही."

म्हणजे मुलगा म्हणतो साडेनऊला सुरू केलं, त्याची नोंद नाही. वही म्हणते तीनला सुरू झालं, ते तर शक्यच नाही. दोघांपैकी एकजण चुकीचं बोलत होतं. आतापर्यंत मी माणसांवर संशय घेतला. वहीवर घेतला नव्हता.

मी तारा जोडल्या आणि मशीन सुरू केलं. हिरवट पडदा आला. 'टाचणी'. आणि वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत वेळ: तीन वाजून सत्तेचाळीस मिनिटं.

मी मनगटावर पाहिलं. दहा सतरा झाले होते. सकाळचे.

मी मनगटावरचं घड्याळ काढून पडद्याशेजारी धरलं. गेले पाच दिवस मी हे मशीन एकदाही सुरू केलं नव्हतं, त्यामुळे त्याचं घड्याळ पाहिलंच नव्हतं.

"काय झालं?" मुलगी घाबरली.

"मशीनच्या पोटात एक घड्याळ असतं," मी म्हटलं. "जुनी सिस्टिम त्यात इथली वेळ लावून ठेवायची. ही नवी सिस्टिम समजते की आत जगाची प्रमाण वेळ लावलेली आहे. म्हणून इथली वेळ काढायला ती आपली आपण साडेपाच तास मिळवते. इंटरनेट असतं तर चूक दुरुस्त झाली असती. इथं ते नाही. त्या दिवसापासून हे मशीन साडेपाच तास पुढे चाललंय."

"म्हणजे?"

"रात्री तीनची नोंद म्हणजे साडेनऊ. तुमचा दादा खरं बोलला. आणि आठ वाजून दहा म्हणजे..."

"दोन चाळीस," मुलगी म्हणाली.

काकूंचा हात पदरावर थांबला. "पावणेतीनला? पावणेतीनला घरात मी होते आणि हे होते. दुसरं कुणीच नव्हतं."

मी म्हटलं, "काकू, यावर एक नाव घातलेलं आहे. टाचणी."

त्या बाईचा चेहरा मी विसरणार नाही. आधी लाजल्या. सत्तरीला आलेली बाई, डोळे गेलेले, आणि तोंडभर लाजल्या. मग तेच तोंड कसंनुसं झालं.

"लग्नाआधी हे आमच्या दुकानात शब्द विचारायला आले होते," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडात टाचण्या होत्या, बोलताच येईना. तेव्हापासून मला तेच म्हणायचे. मुलांसमोरसुद्धा नाही, चारचौघांत तर नाहीच नाही." त्या थांबल्या. "त्या दिवशी सकाळी त्यांनी एक पान तपासायला दिलं. शिवणकामाचे शब्द मीच तपासायचे. मला ओळच दिसेना. म्हटलं, संपला माझा उपयोग. आणि रडले. हे काही बोलले नाहीत. जेवून खोलीत गेले ते दार लावूनच."

रविवारपर्यंत त्यांना दम धरवला नव्हता. 'डिस्क पुसून' हे शब्द त्यांनी वाचले असणारच. जुनी सिस्टिम पुसली जाईल, एवढाच अर्थ त्यांनी घेतला असावा. शब्दांत हयात घालवलेल्या माणसानं एक शब्द चुकीचा वाचला.

"मला एक सांग," काकू म्हणाल्या. "त्यांना कळलं का गं? सगळं गेलंय ते?"

६

मला माहीत होतं. वहीच्या पुढच्या पानांवर होतं. खऱ्या वेळेप्रमाणे तीन दहाला त्यांनी अक्षरं मोठी केली होती, वाचून दाखवणारा आवाज सुरू केला होता. काकूंसाठी सगळं नीट लावून झाल्यावर मग कोश शोधायला गेले होते. सहा वेळा शोधला. मग पेन ड्राइव्ह पुन्हा खोचून पाहिला. पाच पंचवीसला मशीन बंद केलं. पाच पन्नासला ॲम्ब्युलन्स आली होती.

"सांगता येत नाही, काकू," मी म्हटलं.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. ती नर्स आहे. असं बोलणारी माणसं ती रोज बघते. "पेन ड्राइव्ह कुठे गेला मग?" तिनं विचारलं आणि स्वतःच थबकली. "त्यांचे कपडे."

हॉस्पिटलनं दिलेली पिशवी तिनं कपाटात वर ठेवली होती. उघडायचा धीर कुणालाच झाला नव्हता. ती खाली काढली, पण उघडली नाही. दादाला फोन केला. तो डेपोतून तसाच आला, गणवेशात, आणि दारातच उभा राहिला. काकूंनी पावलं ओळखली. या खेपेला त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही.

पिशवीला चिकटपट्टी होती, तिच्यावर शिक्का आणि वेळ: सहा पंचावन्न. मुलानं ती फाडली. सदरा बाहेर काढला, खिशात बोटं घातली. लाल पेन ड्राइव्ह निघाला. सहा पंचावन्नपासून तो या पिशवीत बंद होता. आठ वाजता तो कुणीच वापरला नव्हता, वापरू शकलाच नसता. मला हवा असलेला शेवटचा पुरावा मिळाला, आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

"अजून काहीतरी आहे," मुलगा म्हणाला.

एक कार्ड होतं. पेन्सिलीनं लिहिलेलं, काकांचं अक्षर, जरा वाकडं गेलेलं.

"वाच," काकू म्हणाल्या. नऊ दिवसांत मुलाशी बोललेला हा त्यांचा पहिला शब्द.

त्यानं कार्ड उजेडाकडे धरलं. "अस्तर. कपड्याला आतून लावतात ते दुसरं कापड."

"नीट वाच. लिंग लिहिलेलं असेल, ते गाळू नकोस."

"अस्तर. कंसात न. कपड्याला आतून लावतात ते दुसरं कापड." तो थांबला. "कोपऱ्यात आकडा आहे, आई."

"किती?"

"एक."

प्रत्येक कार्डावर काका नंबर टाकायचे, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटचे नंबर तेवीस हजारांच्या पुढे गेले होते.

काकूंनी हात पुढे केला. मुलानं कार्ड त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, आणि मग ओंजळीत मिटून घेतलं.

"साडेपाचला स्वयंपाकघरात आले," त्या म्हणाल्या. "माझ्याजवळ पाटावर बसले. म्हणाले, तुझ्या कामातला अ वरून एखादा शब्द सांग. मला वाटलं, सकाळी मी रडले म्हणून माझी समजूत काढतायत. मी म्हटलं, अस्तर. त्यांना कळलं होतं तर. कळलं होतं आणि परत पहिल्यापासून..."

मुलगा त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला. काकूंनी चाचपडत त्याचं डोकं शोधलं. मुलीनं मला खुणेनं बाहेर बोलावलं आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच पाणी प्यायलो.

७

याला तीन महिने झाले. कोश परत मिळाला नाही. मिळणार नाही हे मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. सरांनी काकांची जुनी पत्रं चाळून तीनशे-साडेतीनशे शब्द काढले. ते आता कुणाला पेन ड्राइव्ह बनवून द्यायचा असला की आधी स्वतः त्यातलं सगळं उतरवून घेतात, समोरचा नको म्हणाला तरी. मी काकूंना सिस्टिमचा पासवर्ड बदलून दिला आणि आवाज थोडा सावकाश केला. त्यातली बाई बोलते बरी, पण जोडाक्षरांत अडखळते, आणि काकू तिला रागावतात.

मुलगा दर रविवारी येतो. काकू सांगतात, तो लिहून घेतो, मग मशीनवर चढवतो. फार होत नाही. एका रविवारी दहा, एखाद्या रविवारी दोन. कोश पुरा होणार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही.

मागच्या रविवारी मी आवाजाचंच काहीतरी बघायला गेले होते. काम झालं. मुलगा भाजी आणायला कोपऱ्यावर गेला होता. काकूंनी विचारलं, "तो गेला ना बाहेर?"

"गेलाय."

"तुला एक सांगते. मुलांना सांगितलेलं नाही." त्या कॉटच्या कडेला सरकून बसल्या. "त्या दिवशी अस्तर लिहून घेतलं ना, तर उठलेच नाहीत. म्हणाले, अजून एक सांग. गॅसवर दूध होतं माझं. मला तर दिसत नाही, ते उतू गेलं की वासावरूनच कळायचं. मी म्हटलं, आता नको, उद्या सांगते."

मी पेचकस पिशवीत ठेवला.

"बरं, उद्या, म्हणाले," काकू म्हणाल्या. "आणि कार्ड खिशात घातलं."